चांदोबा आणि चांद्रयान

प्रस्तावना

चंद्र पाहिला नाही असा माणूस सापडणार नाही. दुर्बिणीतून चंद्र पाहिलेली माणसे मात्र थोडीच. चंद्राविषयीच्या आपल्या बहुतेक कल्पना आजीच्या मांडीवर, सणावारांत आणि व्रतवैकल्यांत घडलेल्या असतात. अशा समाजाने चंद्रावर यान पाठवले, तेव्हा त्या जुन्या कल्पना मोहिमेच्या आड आल्या, की तिच्या मदतीला धावल्या? प्रस्तुत वैचारिक लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. कोणत्या उदाहरणावरून कोणता निष्कर्ष निघतो, याकडे वाचताना लक्ष ठेवा.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• लोकांच्या श्रद्धा आणि अवकाश संशोधनाला मिळणारा पाठिंबा यांतील संबंध सांगू शकाल;
• भावना आणि पडताळून पाहता येणारे विधान यांत फरक करू शकाल;
• सार्वजनिक खर्चाविषयी मुद्देसूद प्रश्न विचारू शकाल.

मूळ पाठ

१. चहाच्या सुटीतला वाद

बंगळूरु शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. येथील कारखान्यांत निरनिराळ्या प्रांतांतून आलेले कामगार काम करतात. कल्पना करा, की अशाच एका कारखान्यात २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी दुसऱ्या पाळीची चहाची सुटी झाली आहे. सहा वाजून गेले आहेत. एका मोबाइलभोवती दहाबारा माणसे वाकून उभी आहेत. ‘विक्रम’ हे अवतरक यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरत आहे.

सोलापूरकडचे एक वयस्क फिटर म्हणतात, “संकष्टीला ज्याचं दर्शन घेऊन आमच्या घरी पानं वाढतात, त्याच्या अंगावर आता चाकं फिरणार.”

लातूरचा शिकाऊ तरुण हसून म्हणतो, “फिरू द्या की काका. भाचा मामाच्या घरी चाललाय.”

विजापूरकडची, कन्नड आणि मराठी दोन्ही सफाईने बोलणारी एक कामगार स्त्री विचारते, “जाऊ दे भाचा. पण त्याच्या गाडीभाड्याचे पैसे कुणाच्या खिशातले?”

सहा वाजून चार मिनिटांनी यान सुखरूप उतरते आणि तिघेही टाळ्या वाजवतात. हा प्रसंग काल्पनिक असला, तरी त्यातील तिन्ही भूमिका खऱ्या आहेत. पहिल्या बोलण्यात श्रद्धेतून आलेला संकोच आहे, दुसऱ्यात नात्याचा आपलेपणा आहे, तिसऱ्यात हिशेब आहे. इस्रोने केलेले थेट प्रक्षेपण त्या संध्याकाळी यूट्यूबवर एकाच वेळी ऐंशी लाखांहून अधिक ठिकाणी पाहिले जात होते. त्या प्रेक्षकांच्या मनातही या तिन्ही भावना कमीअधिक प्रमाणात असणारच.

२. नात्याने जवळ आलेला चंद्र

मराठी घरात चंद्र हा केवळ आकाशातला गोल नाही. तो मुलांचा चांदोमामा आहे. भाऊबीजेला ज्या स्त्रीला भाऊ नाही, ती चंद्राला ओवाळते. कोजागरीला आटवलेल्या दुधात त्याचे प्रतिबिंब पाहिले जाते. गणेश चतुर्थीला मात्र त्याचे दर्शन टाळतात. ही नाती खगोलशास्त्राने दिलेली नाहीत. पण त्यांमुळेच चंद्रावरची मोहीम सामान्य माणसाला परकी वाटली नाही. २०२३ च्या गणेशोत्सवात अनेक ठिकाणी चांद्रयानाचे देखावे उभे राहिले. ज्या देवाच्या उत्सवात चंद्रदर्शन टाळायचे, त्याच देवाच्या मंडपात चंद्रभूमी अवतरली आणि यात कोणालाही विसंगती वाटली नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेने आपल्या चांद्रमोहिमेला ग्रीक देवता अपोलोचे नाव दिले आणि नव्या मोहिमेला त्याच्या जुळ्या बहिणीचे, आर्टेमिसचे. चीनच्या यानांना चंद्रावर राहणाऱ्या ‘छांग-अ’ या देवतेचे नाव आहे आणि २०१३ साली चंद्रावर उतरलेल्या चिनी गाडीला त्या देवतेजवळच्या सशाचे. विक्रम उतरला त्या जागेला ‘शिवशक्ती’ हे नाव २६ ऑगस्ट २०२३ रोजी बंगळूरुतच जाहीर झाले. या नावावर मतभेदही झाले. तरीही, अनोळखी जागेला ओळखीचे नाव देऊन ती आपलीशी करण्याची रीत सर्वत्र दिसते.

३. भयाकडून कुतूहलाकडे

श्रद्धेला आपलेपणाप्रमाणेच भयाचीही बाजू असते. १६ फेब्रुवारी १९८० रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. ग्रहणपट्टा कर्नाटकातून गेला होता. त्या दुपारी देशातील अनेक शहरांत रस्ते ओस पडले आणि लोक दारेखिडक्या लावून घरात बसले. नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणे धोक्याचे असते, ही सूचना योग्यच होती. परंतु ती जुन्या भीतीत मिसळली आणि आयुष्यात क्वचित दिसणारे दृश्य पाहण्याची संधी अनेकांनी गमावली.

पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात पुन्हा खग्रास ग्रहण दिसले. या वेळी दूरदर्शनने ते थेट दाखवले. सुरक्षित चष्मे घेऊन लोक मैदानांत जमले. समाजाची श्रद्धा पंधरा वर्षांत नाहीशी झाली होती का? तसे नव्हते. ग्रहण सुटल्यावर स्नान करणारे तेव्हाही होते. फरक एवढाच, की आता त्यांना पाहण्याची रीत कोणीतरी समजावून सांगितली होती. १९४४ साली पुण्यात स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था, १९६६ पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषद, १९८५ पासून आकाशदर्शनाचे कार्यक्रम करणारे मुंबईचे खगोल मंडळ अशा संस्थांनी महाराष्ट्रात हेच काम चिकाटीने केले. ‘भिऊ नका’ एवढे सांगून भीती जात नाही. दुर्बिणीला डोळा लावू दिला, म्हणजे ती ओसरते.

पाठगत प्रश्न १

(अ) कारखान्यातील तीन कामगारांच्या बोलण्यातून कोणत्या तीन भूमिका दिसतात?
(आ) १९८० आणि १९९५ च्या ग्रहणांच्या वेळी लोकांच्या वागण्यात फरक का पडला?

४. मुहूर्त आणि मोजमाप

यान सोडण्यापूर्वी इस्रोचे काही अधिकारी यानाची किंवा अग्निबाणाची लहान प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात. २०१३ साली ज्येष्ठ शास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांनी बंगळूरुत या प्रथेवर जाहीर टीका केली आणि तिला अंधश्रद्धा म्हटले. वर्षानुवर्षांचे श्रम काही मिनिटांत पणाला लागताना माणूस देवापुढे हात जोडतो, त्यात गैर काय, असे मानणारेही पुष्कळ आहेत.

या वादात एक साधी कसोटी उपयोगी पडते. प्रार्थना मनाला धीर देते, ही भावना आहे. पण ‘अमुक घटिकेला सोडले म्हणूनच यान पोहोचले’, हे विधान आहे, आणि विधान तपासता येते. विक्रम उतरला तो दिवस पंचांगाप्रमाणे श्रावण शुद्ध सप्तमीचा होता. म्हणून तो मुहूर्त पाहून निवडला होता का? विक्रमला वीज मिळणार होती ती सूर्यप्रकाशापासून. चंद्रावरचा दिवस पृथ्वीवरच्या सुमारे चौदा दिवसांएवढा असतो. हा संपूर्ण दिवस कामाला मिळावा, म्हणून उतरण्याच्या जागी नुकताच सूर्योदय झाला असेल अशी वेळ निवडली गेली. तिथी म्हणजे तरी काय? सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनीय अंतराचे माप; दर बारा अंशांना एक तिथी. पंचांगकर्ता आणि अभियंता एकाच आकाशाचे गणित करतात. मात्र त्या गणितावरून पंचांग शुभाशुभ ठरवते आणि अभियंता विजेचा हिशेब करतो.

अशा पडताळणीचे एक उदाहरण महाराष्ट्रात घडले. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका जमवण्यात आल्या. त्यांतील प्रत्येकी चाळीस पत्रिका ज्योतिषांना देऊन, कोणती पत्रिका कोणत्या गटातली, हे ओळखण्यास सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून ठरवले असते, तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती.

हा वाद केवळ विद्वानांचा नाही. पत्रिकेत मंगळ आहे म्हणून आजही कितीतरी मुलींची लग्ने अडतात. त्याच मंगळाकडे भारताने ५ नोव्हेंबर २०१३ रोजी, मंगळवारी, यान पाठवले. ते २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्या दिवशी बंगळूरुच्या नियंत्रण केंद्रात साड्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या महिला कर्मचारी आनंद व्यक्त करीत असल्याचे छायाचित्र जगभर गाजले. यानाने तेथून ओसाड, तांबूस जमिनीची चित्रे पाठवली. मोहिमेचे कौतुक आपण सर्वांनी केले. पण ती चित्रे पाहून एखाद्या घराने पत्रिकेतला मंगळ बाजूला ठेवला का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे. मोहिमेचा अभिमान बाळगणे सोपे असते; तिने दिलेले ज्ञान घरात आणणे अवघड असते.

५. ज्यांना विचारले आणि ज्यांना वाटले की विचारले नाही

श्रद्धास्थान आणि विज्ञान यांना एकच जागा हवी असेल, तर काय होते? केरळमधील थुंबा या किनारी गावाजवळून पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त जाते. वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करणारे अग्निबाण सोडण्यासाठी ही जागा डॉ. विक्रम साराभाई यांना योग्य वाटली. पण तेथे मच्छीमारांची वस्ती होती आणि मेरी मॅग्डलीनचे चर्च होते. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी लिहून ठेवलेल्या हकिकतीनुसार, बिशपांनी आपला निर्णय परस्पर दिला नाही. त्यांनी साराभाईंना रविवारच्या प्रार्थनेला बोलावले आणि सर्व भाविकांपुढे विषय मांडला. भाविकांनी संमती दिली. घर आणि देऊळ सोडणे ही लहान किंमत नव्हती. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण झेपावला. चर्चच्या वास्तूत प्रारंभी कार्यालय होते. पुढे तेथे अवकाश संग्रहालय झाले.

याच्या उलट उदाहरण हवाई बेटांवरील मौना केआ या पर्वताचे आहे. तेथील मूळ रहिवासी हा पर्वत पवित्र मानतात. तीस मीटर व्यासाच्या आरशाची प्रचंड दुर्बीण या शिखरावर उभारायचे ठरले. भारत या प्रकल्पात सहभागी झाला आणि बंगळूरुच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे त्यातील महत्त्वाचे काम आले. परंतु २०१४ पासून तेथे विरोध सुरू झाला. २०१५ आणि २०१९ साली आंदोलकांनी रस्ता अडवला. वयोवृद्धांनाही अटक झाली आणि बांधकाम थांबले. हे लोक आकाशाचे वैरी नव्हते. त्यांच्या पूर्वजांनी ताऱ्यांच्या आधारे महासागर ओलांडले होते. शिखरावर आधीच अनेक दुर्बिणी होत्या, आणि आपल्या पर्वताविषयीचे निर्णय आपल्याला वगळून घेतले जातात, ही त्यांची व्यथा होती.

दोन्ही ठिकाणी जागा पवित्रच होती. त्यामुळे श्रद्धा आहे म्हणून विरोध झाला, असे म्हणता येत नाही. लोकांना कसे विचारले, आणि विचारले असे त्यांना वाटले का, यावर पुष्कळ काही ठरले.

६. भाकरीचा प्रश्न

आता त्या कामगार स्त्रीच्या प्रश्नाकडे वळू. तिचा प्रश्न अडाणीपणाचा नाही आणि देशाविरुद्धही नाही. अपोलो-११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ रोजी, अमेरिकेत राल्फ ॲबरनॅथी हे कृष्णवर्णीयांचे नेते गरीब कुटुंबे आणि खेचरांच्या गाड्या घेऊन प्रक्षेपण केंद्रापाशी गेले आणि त्यांनी हाच प्रश्न विचारला. ‘नासा’चे प्रमुख थॉमस पेन स्वतः बाहेर येऊन त्यांना भेटले. ॲबरनॅथी यांनी आपला प्रश्न सोडला नाही. पण अंतराळवीरांच्या सुखरूपतेसाठी प्रार्थना करण्याचे मान्य केले.

भारतापुरता हिशेब करून पाहू. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये होता. १४० कोटी लोकांत तो वाटला, तर माणशी साडेचार रुपयांहूनही थोडा कमी येतो. एवढाच आकडा सांगून थांबणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संपूर्ण अवकाश विभागासाठी सुमारे १२,५४४ कोटी रुपयांची तरतूद होती. म्हणजे माणशी वर्षाला सुमारे नव्वद रुपये, आणि केंद्राच्या दर शंभर रुपयांतले सुमारे अठ्ठावीस पैसे.

मोबदला काय मिळाला? १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षण, शेती आणि आरोग्याचे कार्यक्रम दाखवले गेले. त्यांत कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. १९९९ च्या महाचक्रीवादळाने ओडिशात सुमारे दहा हजार बळी घेतले. २०१३ साली मोठे वादळ आले, तेव्हा उपग्रहांमुळे मिळालेली आगाऊ सूचना, निवारे आणि प्रशासनाची धावपळ यांमुळे लाखो लोक आधीच हलवले गेले आणि बळींची संख्या काही दशकांपुरती राहिली. वादळाची सूचना आणि चंद्रावरची मोहीम या एकच गोष्टी नव्हेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. चांद्रमोहिमेने मुख्यतः ज्ञान आणि तंत्रकौशल्य मिळते. ते किती मोलाचे मानायचे, हे नागरिकांनीच विचारपूर्वक ठरवायचे असते.

पाठिंब्याची खरी परीक्षा अपयशात होते. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ च्या अवतरकाशी संपर्क तुटला. रात्रभर जागलेल्या लोकांनी रागापेक्षा सहानुभूतीच अधिक दाखवली. ही आपलेपणाची देणगी होती. परंतु पुढचे यान आपलेपणाने उतरले नाही. चुका शोधल्या गेल्या. उतरण्याचे क्षेत्र अर्धा किलोमीटर चौरसावरून चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद करण्यात आले. पाय मजबूत केले आणि इंधन वाढवले. काय चुकले आणि काय बदलले, हे इस्रोचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ साली जाहीरपणे सांगितले. केवळ अभिमानावर उभा असलेला पाठिंबा दुसऱ्या अपयशात ढासळू शकतो. कारणे समजलेला नागरिक मात्र अपयशातही साथ देतो, आणि गरज पडल्यास जाबही विचारतो.

बोम्मसंद्र्यातल्या त्या सुटीत तिघांनीही टाळ्या वाजवल्या. काकांना चंद्राला नमस्कार करणे सोडावे लागले नाही, तरुणाला मामा गमवावा लागला नाही. विज्ञानाला देशात मुळे धरायची असतील, तर त्या दोघांची माया हवीच. पण त्याहून अधिक गरज आहे ती गाडीभाड्याचा हिशेब मागणाऱ्या तिसऱ्या आवाजाची, आणि त्या आवाजाला आदराने उत्तर देणाऱ्या व्यवस्थेची.

पाठगत प्रश्न २

(अ) ‘भावना’ आणि ‘विधान’ यांतील फरक पाठातील कोणत्या उदाहरणाने स्पष्ट होतो?
(आ) थुंबा आणि मौना केआ या दोन ठिकाणांत कोणते साम्य व कोणता भेद आहे?

शब्दार्थ

अवतरक – ग्रहावर किंवा उपग्रहावर उतरणारे यान
खग्रास – सूर्य किंवा चंद्र पूर्ण झाकला जाणारे (ग्रहण)
पडताळणी – खरेखोटे तपासून पाहणे
प्रतिकृती – हुबेहूब लहान नमुना
विसंगती – मेळ नसणे
जाब विचारणे – केलेल्या कामाचे कारण किंवा हिशेब मागणे

सारांश

सांस्कृतिक श्रद्धा आपलेपणाही देतात आणि भयही. आपलेपणामुळे लोक अवकाश मोहिमेच्या जवळ येतात. परंतु तो पाठिंबा टिकण्यासाठी लोकांना समजावून सांगणे, त्यांची संमती घेणे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे आवश्यक असते.

स्वाध्याय

१. “मोहिमेचा अभिमान बाळगणे सोपे असते, तिने दिलेले ज्ञान घरात आणणे अवघड असते.” या विधानाचा अर्थ मंगळाच्या उदाहरणाच्या आधारे आठ-दहा ओळींत लिहा.
२. कामगार स्त्रीचा प्रश्न तुम्हांला योग्य वाटतो का? सकारण लिहा.
३. तुमच्या घरात चंद्र किंवा ग्रहण यांविषयी कोणत्या समजुती आहेत? त्यांतील भावना कोणत्या आणि तपासून पाहता येण्याजोगी विधाने कोणती, याची यादी करा.
४. तुमच्या गावात किंवा वस्तीत एखादे सार्वजनिक बांधकाम होताना लोकांना विचारले गेले होते का? वडीलधाऱ्यांशी बोलून माहिती मिळवा आणि एक परिच्छेद लिहा.
५. पुढील शब्द वाक्यांत वापरा : संकोच, संमती, ओसरणे, पणाला लागणे.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) श्रद्धेतून आलेला संकोच, नात्याचा आपलेपणा आणि खर्चाचा हिशेब. (आ) १९९५ साली ग्रहण सुरक्षितपणे कसे पाहावे, हे लोकांना समजावून सांगितले गेले होते आणि दूरदर्शनने ते थेट दाखवले.
२. (अ) प्रार्थनेने धीर मिळतो, ही भावना. ठरावीक घटिकेमुळे यान पोहोचले, हे तपासता येणारे विधान. (आ) साम्य – दोन्ही जागा पवित्र मानलेल्या. भेद – थुंब्यात भाविकांपुढे विषय मांडून संमती घेतली गेली. मौना केआ येथे आपल्याला निर्णयातून वगळले, अशी मूळ रहिवाशांची भावना झाली.